सूं, घूं आणि खर्र

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले होते. शाळा सुटल्यावर नववीतील एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, माझ्या भाईच्या गिटारच्या मशीनमधून नळ उघडा राहिल्यासारखा आवाज येतो. तुम्ही विज्ञान शिकवता. एकदा येऊन बघाल का?"

त्याचा भाई लग्नसराईत एका बँडमध्ये गिटार वाजवतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात लग्नाच्या दिवसांत बँडवाल्यांना उसंत नसते. आज शहादा, उद्या तळोदा, परवा अक्कलकुवा. भाईने पै पै जमवून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वर्धक, विकत घेतला होता. गिटार सुरेल होती. पण वर्धक चालू केला, की तार छेडण्याआधीच सूं सूं सुरू व्हायची. बँडच्या मालकाने बजावले होते, "हा आवाज बंद कर, नाही तर पुढच्या मोसमात मी दुसरा वादक पाहतो." घरात कमावता तो एकटाच होता. एका दुकानदाराने सांगितले, स्पीकर खराब आहे. भाईने अठराशे रुपये मोजून नवा स्पीकर बसवून घेतला. सूं सूं जशीच्या तशी राहिली.

मी एकटा गेलो नाही. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. त्यांचे सारे आयुष्य रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेले. आता त्यांची नजर अधू झाली आहे, पण कान तीक्ष्ण आहेत. त्यांना सोबत घेतले. चाचांनी पेचकस बाहेरसुद्धा काढला नाही. आधी पंखा बंद करायला लावला, मग दूरचित्रवाणी संच बंद करायला लावला. घर शांत झाल्यावर ते वर्धकासमोर मांडी घालून बसले आणि मुलाला म्हणाले, "बेटा, यात किती आवाज आहेत ते सांग."

"एकच तर आहे, चाचा."

"नीट ऐक. तीन आहेत."

मुलांनो, मराठी भाषेत आवाजांची नक्कल करणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांना ध्वनिअनुकारी शब्द म्हणतात. उर्दूत आपण सरसराहट, भिनभिनाहट, खरखराहट म्हणतो, तसेच हे. वाऱ्याची सूं सूं, भुंग्याची घूं घूं आणि वाळलेल्या पानांची खरखर. हे शब्द केवळ निबंध सजवण्यासाठी नाहीत. वर्धकातील बिघाड शोधायचा असेल, तर पहिले हत्यार हेच. कारण सूं, घूं आणि खर्र या तिघांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी होतो आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत. दुकानदाराने तिन्ही आवाजांना 'खराबी' हे एकच नाव दिले, म्हणून भाईचे अठराशे रुपये गेले.

आता वर्धक काय करतो ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्या खाली चुंबक असतो आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. या भागाला पिकअप म्हणतात. तार थरथरली, की तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. तो फारच थोडा असतो. हळुवार छेडलेल्या सुराला समजा १० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा शंभरावा भाग. स्पीकरचा पडदा जोराने हलवायचा तर १० व्होल्ट तरी हवेत. म्हणजे या दाबाला हजारपट मोठे करायला हवे. हे काम ट्रान्झिस्टर करतात. आमच्या आजोबांच्या पिढीत ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला लटकवायचा रेडिओ. खरे पाहता ते त्या रेडिओच्या आतील, हरभऱ्याएवढ्या एका भागाचे नाव आहे. तो भाग १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. एक ट्रान्झिस्टर थोडे वाढवतो, त्याचे वाढलेले दुसरा आणखी वाढवतो. अशा पायऱ्या चढत चढत दहा मिलिव्होल्टचे दहा व्होल्ट होतात.

येथेच मेख आहे. वर्धकाला सूर आणि गोंगाट यांतील फरक कळत नाही. त्याच्या दारात जे येईल ते तो हजारपट करतो. दारात सुराबरोबर थोडी सूं सूं आली, तर तीही हजारपट होते.

पण दारात सूं सूं येते कोठून? भाईने तर गिटारला हातही लावलेला नसतो.

तांब्याची तार, वर्धकातील रोधक, खरे तर वीज वाहून नेणारी कोणतीही वस्तू आपल्याला निश्चल दिसते. आत मात्र असंख्य इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडून तिकडे धावत असतात. बाजाराच्या दिवशी चौकात माणसे फिरतात ना, तसे. चौकाच्या उजव्या बाजूस आणि डाव्या बाजूस प्रत्येक क्षणी अगदी सारखीच माणसे असतील असे नाही. या क्षणी इकडे दोन जास्त, पुढच्या क्षणी तिकडे तीन जास्त. तसेच रोधकाच्या दोन टोकांना क्षणोक्षणी थोडा कमीजास्त विद्युतदाब येत राहतो. त्याला काही ताल नसतो, काही सूर नसतो. उंच, मध्यम, खालचे असे सारे स्वर एकदम मिसळले म्हणजे कानाला जे ऐकू येते, तीच ही सूं.

बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी हा दाब मोजला आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ट्रान्झिस्टर जन्मालाही आला नव्हता. निर्वात नळ्यांचे वर्धक होते. त्या गणितानुसार १० हजार ओहमच्या रोधकात २७ अंश सेल्सिअस तापमानाला, माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या सर्व स्वरांचा मिळून सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट इतका गोंगाट असतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहालक्षावा भाग. हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण जेथे गेन, म्हणजे वाढीचे प्रमाण, हजारांत असते आणि पुढे स्पीकरसाठी पुन्हा वाढ होते, तेथे याच मायक्रोव्होल्टची नळासारखी सूं सूं होते.

"म्हणजे उन्हाळ्यामुळे होते का हे?" भाईने विचारले. त्याची शंका रास्त होती. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लग्ने तर त्याच दिवसांत असतात. मी वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवले. येथे तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजावे लागते. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. गोंगाटाचा दाब तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वर्गमूळ काढले तर १०० चे फक्त १०३ होतात. एवढा फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही. या बाबतीत आपला उन्हाळा निर्दोष आहे. इतर बाबतींत तो नाही, ते पुढे येईलच.

सूंचा आणखी एक उगम ट्रान्झिस्टरच्या आत आहे. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात झोपलेल्यांना हे सहज कळेल. पाऊस एकसारखा पडत असतो, तरी पत्र्यावरचा आवाज एकसंध नसतो. कारण पाऊस म्हणजे पाण्याची अखंड चादर नव्हे, ते सुटे सुटे थेंब असतात. विजेचा प्रवाहही तसाच आहे. तो सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो आणि ट्रान्झिस्टरमधील जोड ओलांडताना ते नेमाने रांग लावत नाहीत. या थेंबाथेंबाच्या गोंगाटाचा विचार वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ साली मांडला. प्रवाह जास्त तर हा गोंगाटही जास्त. म्हणून चांगल्या वर्धकात पहिल्या ट्रान्झिस्टरमधून अगदी थोडा प्रवाह सोडतात.

तिसरा उगम मात्र निसर्गाचा कमी आणि कारागिरीचा जास्त. जुन्या, स्वस्त वर्धकांत कार्बनचे रोधक असतात. कार्बनच्या कणाकणांतून वाट काढताना प्रवाह अडखळतो आणि जॉन्सन यांनी मोजलेल्या गोंगाटात स्वतःची भर घालतो. धातूचा पातळ थर असलेले रोधक या बाबतीत पुष्कळच शांत असतात. काही ट्रान्झिस्टरांच्या स्फटिकात दोष असतो. मग सूं बरोबरच मधूनमधून लाह्या फुटल्यासारखा टप् टप् आवाज येतो. चाचा त्याला 'मक्का भाजणे' म्हणतात. असा ट्रान्झिस्टर बदलण्याखेरीज दुसरा इलाज नाही.

एवढे ऐकून तो मुलगा म्हणाला, "सर, वर्धकात तर तीसचाळीस रोधक आणि सातआठ ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येकजण सूं करीत असेल, तर कोणाला पकडायचे?"

प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर मी त्याला नंदुरबारच्या मिरचीवरून दिले. आपल्या भागात मोकळ्या माळावर मिरचीची पथारी घालतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. पथारीवर मिरचीबरोबर वाळूचे खडे आले आणि ते न निवडता मिरची डंकावर गेली, तर काय होते? खड्यांचे पीठ होते आणि ते साऱ्या तिखटात मिसळते. घास घेताना कचकच लागते. मग कितीही चाळा, ती कचकच निघत नाही. उलट, तयार तिखटाच्या पोत्यावर कोणी एक खडा टाकला, तर तो सहज उचलून फेकता येतो.

वर्धकाचेही असेच आहे. पहिल्या पायरीवर जन्मलेली सूं पुढच्या सर्व पायऱ्यांवर वाढत जाते. शेवटच्या पायरीवर जन्मलेल्या सूंला वाढायला जागाच उरत नाही. म्हणून तीसचाळीस रोधकांची झाडाझडती घेण्याची गरज नसते. गिटारची तार वर्धकात जेथे शिरते, तेथील दोनतीन रोधक आणि पहिला ट्रान्झिस्टर यांवरच बहुतेक सगळे ठरते. स्पीकर तर साखळीच्या अगदी शेवटी असतो. तो स्वतःहून सूं करीतच नाही. त्याला जे मिळते तेच तो ऐकवतो.

हे तत्त्व केवळ गिटारवाल्यांचे नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातील दीर्घिकांकडून येणारे रेडिओ संकेत इतके दुबळे असतात, की तारेतून चार पावले चालतानाही ते हरवतील. म्हणून प्रत्येक तबकडीचा पहिला वर्धक खाली खोलीत न ठेवता वर, जेथे लहरी एकवटतात, तेथेच बसवलेला असतो आणि तो शक्य तितका शांत असावा यासाठी सारी धडपड केलेली असते. पुढची यंत्रे साधी असली तरी चालते. पहिले बिघडले, तर पुढच्या कोणालाच काही करता येत नाही.

चाचांनी दोन बटणे फिरवून हेच सिद्ध करून दाखवले. प्रथम त्यांनी वर्धकाचे गेनचे बटण शून्यावर आणले. सूं सूं एकदम थांबली. ते भाईकडे वळून म्हणाले, "स्पीकर तोच आहे ना? मग आता का ओरडत नाही?" भाई काही बोलला नाही. कोपऱ्यात जुना स्पीकर पडला होता, त्याच्याकडे त्याने एकदा पाहिले. आवाज गेनच्या बटणाने थांबला, याचा अर्थ तो त्या बटणाच्या आधी, म्हणजे पहिल्या पायरीवरच जन्मत होता. मग चाचांनी गेन पुन्हा वाढवला आणि गिटारवरचे आवाजाचे बटण शून्यावर नेले. सूं थोडी कमी झाली, पुष्कळशी राहिली. जी गेली ती गिटारकडून येत होती, जी राहिली ती वर्धकाची स्वतःची होती.

तेव्हा मला दिसले, की भाई गिटारवरचे बटण नेहमी मधोमध ठेवत असे आणि कमी पडलेला आवाज वर्धकाच्या गेनने भरून काढत असे. मी कारण विचारले. तो म्हणाला, "गिटारचे बटण पूर्ण फिरवले तर ते लवकर झिजते असे कोणीतरी सांगितले होते." ही समजूत चुकीची आहे आणि महागातही पडते. ते बटण म्हणजे २५० हजार ओहमचा बदलता रोधक असतो. तो पूर्ण उघडा असला, तर वर्धकाला समोर दिसतो तो केवळ पिकअपचा, ढोबळमानाने ७ हजार ओहमचा रोध. मधोमध ठेवला, तर तोच सुमारे ६४ हजार ओहम होतो. रोध नऊपट, म्हणून जॉन्सन-नायक्विस्ट यांच्या गणिताने गोंगाट तिप्पट. शिवाय सूर निम्मा. म्हणजे सुराच्या मानाने गोंगाट सहापट झाला आणि तोही वर्धकात शिरण्यापूर्वीच! पुढे गेन वाढवून निम्मा सूर पूर्ण करता येतो, पण गोंगाट त्याच्याबरोबर वाढतो.

गेन फार वाढवण्यात आणखी एक फसगत आहे. लग्नाच्या गाण्यांत गिटारचा सूर थोडा फाटलेला, करवतीसारखा लागतो. तो मिळवण्यासाठी वादक गेन मुद्दाम खूप चढवतात. आता वर्धकाच्या प्रत्येक पायरीला एक छत असते. समजा, एका पायरीतून ४ व्होल्टपेक्षा जास्त बाहेर पडू शकत नाही. दहा मिलिव्होल्टचा सूर हजारपट केला, तर त्याला १० व्होल्ट व्हायचे असते, पण तो चारवरच छताला अडकतो. वरचा भाग कापला जातो. त्या कापण्यानेच तर करवतीचा सूर येतो. गोंगाट समजा ४ मायक्रोव्होल्ट होता. हजारपट केल्यावर तो ४ मिलिव्होल्ट झाला. सूर गोंगाटाच्या हजारपट आहे, ठीक आहे. आता गेन पाच हजार करा. सूर कोठे जाणार? तो आधीच छताला टेकलेला आहे, चारच राहणार. गोंगाटाला मात्र छत अजून दूर आहे. तो २० मिलिव्होल्टवर जातो. हजारपटीचे अंतर दोनशेवर आले. यापुढे बटण जितके फिरवाल, तितका फक्त गोंगाट वाढेल. सूर वाजत असेपर्यंत हे जाणवत नाही, कारण मोठ्या आवाजाआड लहान आवाज लपतो. पण दोन सुरांमध्ये जरा थांबले, की सूं दार ढकलून पुढे येते. सूर थांबताच वर्धकाचे तोंड बंद करणारी 'नॉइज गेट' नावाची पेटी काही वादक वापरतात. ती गोंगाट कमी करीत नाही, फक्त शांततेच्या वेळी झाकण लावते. हळुवार संपत जाणाऱ्या सुराचे शेपूटही ती कधीकधी कापते. मला ती फारशी आवडत नाही.

आता घूंकडे वळू. घूं म्हणजे बहुतेक वेळा घरातली वीजच बोलत असते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पावते. गिटारचा पिकअप तारेचे वेढेच असल्यामुळे ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, ट्रान्सफॉर्मर यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तो आपसूक पकडतो. गिटार घेऊन जागेवर गोल फिरा. एका दिशेला घूं वाढते, दुसऱ्या दिशेला कमी होते. तसे झाले, तर दोष वर्धकाचा नाही. सेथ लव्हर या अमेरिकन तंत्रज्ञाने १९५५ साली यावर एक नामी युक्ती काढली. त्याने शेजारी शेजारी दोन वेढे ठेवले, पण एकमेकांच्या उलट. बाहेरून आलेली घूं दोघांत उलटसुलट येते आणि एकमेकींना मारून टाकते. तारेचा सूर मात्र दोघांत मिळून वाढतो. बाहेरच्या रेडिओ लहरींसारख्या आगंतुकांना अडवण्यासाठी जोडतारेवर धातूची जाळी असते. ती तुटली, की पाहुणे आत शिरतात.

घूं सेकंदाला १०० कंपनांची, जरा जाडसर असेल, तर वर्धकाच्या वीजपुरवठ्यातील मोठे कंडेन्सर तपासावेत. वीज एका दिशेची केल्यावर तिच्यात राहिलेले चढउतार हे कंडेन्सर गुळगुळीत करतात. त्यांच्यातील ओलसर द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो. येथे आपला उन्हाळा खरा गुन्हेगार आहे. दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीवर ठेवलेला वर्धक लवकर घुमू लागतो.

घूंबद्दल एक गोष्ट मात्र मी तुम्हाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगीन. दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेली असून एका तारेने एकमेकांनाही जोडलेली असली, तर जे वेटोळे तयार होते त्यातून घूं येते. यावर काही लोक प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, काढून टाकतात. घूं थांबते खरी. पण गिटारच्या पोलादी तारा वर्धकाच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. उद्या आतली विजेची तार सुटून पेटीला टेकली, तर तो सारा दाब वादकाच्या बोटांत येईल आणि त्याला जमिनीत न्यायला पिन नसेल. माणूस जागच्या जागी मरू शकतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावली, तरी वेटोळे लहान होते आणि घूं उतरते. भाईच्या प्लगची पिन कापलेली होती. चाचांनी काही न बोलता आपल्या पिशवीतून तीन पिनांचा नवा प्लग काढला आणि आधी तो बसवला. बाकीचे काम नंतर.

राहिली खर्र. तिच्यात फारसे गूढ नाही. बटण फिरवताना खर्र झाली, तर बटणात धूळ आहे. तार हलवताना झाली, तर जोडतार आतून तुटत आली आहे. पेटीवर थाप मारल्यावर झाली, तर कोठेतरी सोल्डरचा डाग सुटला आहे. गाडीवर खड्ड्यांतून हिंडणाऱ्या वर्धकात डाग सुटणारच. थाप मारताना वीज अंगावर येणार नाही अशी खबरदारी घ्यावी आणि पेटी उघडण्याचे काम जाणकारानेच करावे. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असते.

त्या रविवारी चाचांनी दुपारपर्यंत काम केले. डोळ्यांना भिंग लावून ते सांगत होते आणि हात भाईचे चालत होते. पहिल्या पायरीवरचे तीन कार्बनचे रोधक काढून धातूच्या थराचे बसवले. पहिला ट्रान्झिस्टर बदलून बीसी ५४९ लावला; हा कमी गोंगाटासाठीच बनवलेला असतो. बटणे साफ केली. दोन डाग पुन्हा दिले. नव्या सामानाला वीस रुपयेही लागले नाहीत. मग गिटारचे बटण पूर्ण उघडले आणि वर्धकाचा गेन निम्म्यावर आणला.

भाईने एक सूर छेडला आणि तो विरेपर्यंत आम्ही सारे श्वास रोखून बसलो. सूर संपला. मागे सूं होती, पण दाराबाहेरच्या कडुलिंबाच्या सळसळीपेक्षाही बारीक.

"पूर्ण का गेली नाही?" भाईने विचारले.

पूर्ण जायची असेल, तर साऱ्या रोधकांतील इलेक्ट्रॉन थांबायला हवेत आणि ते थांबवायला तापमान शून्याखाली २७३ अंशांपर्यंत न्यायला हवे. ते कोणालाच साधलेले नाही. मी त्यांना दोन शास्त्रज्ञांची हकिकत सांगितली. १९६४ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे बेल प्रयोगशाळेच्या एका मोठ्या अँटेनावर काम करीत होते. त्यांनाही अशीच एक सूं ऐकू येत होती. त्यांनी एकेक उगम हिशेबातून वजा केला. वर्धकाचा गोंगाट मोजला, जोड तपासले. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. ती हाकलली आणि त्यांची घाण धुऊन काढली. तरी थोडी सूं उरलीच. अँटेना कोणत्याही दिशेला वळवा, दिवस असो वा रात्र, ती तेवढीच. अखेर कळले, की ती यंत्राची नव्हतीच. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा तो उरलेला अंश होता आणि तो आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून येत होता. या शोधाबद्दल १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या यंत्राचा गोंगाट किती, हे त्यांना नेमके ठाऊक नसते, तर उरलेली सूं त्यांनी यंत्राच्याच माथी मारली असती.

"भाईच्या मशीनमध्ये पण विश्वाची सूं आहे का, सर?" मुलाने विचारले. मी हसून नाही म्हणालो. भाईच्या मशीनमधील सूं रोधकांची आणि त्या नव्या बीसी ५४९ ची होती.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी भाई आला. आम्ही दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावली, मंडपातल्या ट्यूबलाइटपासून गिटार दूर ठेवली. पाचवीच्या मुलींनी 'सारे जहाँ से अच्छा' गायले आणि भाईने साथ दिली. प्रत्येक कडव्यानंतर तो एक क्षण थांबत होता. चाचा पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या कडव्यानंतर ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्टर, तो डाव्या बाजूचा पंखा बंद करा. खर्र करतोय."